पायाला तळ कळला पाहिजे

"ही एवढी विजार घालून पाण्यात उतरायचं? मग पायाला पाणी कळणार कसं?"

काकांनी गॅरेजमधल्या खुंटीवरून माझं वेडर काढलं होतं. खांद्याच्या पट्ट्यांना धरून ते उजेडात उलटसुलट करून बघत होते. छातीपर्यंत येणारी, राखाडी कापडाची, पावलांच्या जागी जाड रबरी मोजे जोडलेली ती अखंड विजार दाभोळ खाडीच्या काठी सदुसष्ट वर्षं काढलेला माणूस पहिल्यांदाच हातात घेत होता. काका गरी टाकतात, पाग टाकतात, ओहोटीला खडपावर कालवं काढायला जातात, आणि हे सगळं अर्ध्या चड्डीत, अनवाणी. माशांचा नाद मला लागला तो त्यांच्यामुळेच. डेन्व्हरला आल्यापासून गेली बारा वर्षं मी साउथ प्लॅट नदीवर ट्राउट धरतो, आणि जो कुणी नवीन शिकायला येतो त्याला एकच सांगतो: मासे धरायची भारी काठी नंतर घे, आधी अंगाला बसणारं वेडर आणि पायाला बसणारे बूट घे. एप्रिलमध्ये काका आमच्याकडे राहायला आले आणि या माझ्या ठाम मतालाच त्यांनी हात घातला.

"पाणी बाहेर ठेवण्यासाठीच ते असतं, काका."

"तेच म्हणतो मी. पाण्यात जायचं आणि पाणी बाहेर ठेवायचं! अरे, खाडीत उतरलो की भरती लागली का नाही ते मला घोट्याला समजतं. पोटरीला गार लागलं की समजायचं, चिपळूणकडून गोडं पाणी उतरलं. खाली वाळू आहे का गाळ, ते टाच सांगते. गढूळ पाण्यात डोळे काय करणार? सगळं पायच बघतात. तू पायाचे डोळे बांधून नदीत जातोस."

यावर मी काही बोललो नाही. म्हटलं, रविवारी नदीवरच नेऊ.

डेन्व्हरपासून दीडेक तासावर डेकर्स नावाची छोटी वस्ती आहे. तिच्या वरच्या अंगाला चीझमन धरण. १९०५ साली ते पुरं झालं तेव्हा जगातलं सर्वांत उंच धरण होतं, २२१ फूट. जलाशयाच्या तळाकडचं गार पाणी धरणातून सुटतं, म्हणून खालची नदी उन्हाळ्यातही तापत नाही आणि ट्राउट तिथे बारमाही टिकतो. निघण्याआधी मी फोनवर विसर्ग बघितला. काकांनी विचारलं काय बघतोस, तर म्हटलं, किती क्युसेक सोडलंय ते. त्यांचा चेहराच खुलला. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, वीज करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीला मिळतं; या धरणाच्या पाण्यावर आमच्याकडच्या नदीकाठच्या माणसाचं बारीक लक्ष असतं. "म्हणजे ही पण सोडलेल्या पाण्याचीच नदी," ते म्हणाले. "मग हिचा भरवसा धरायचा नाही. पाऊस नसताना पाणी वाढतं."

काठावर पोचल्यावर त्यांनी पँट गुडघ्यावर दुमडली, चपला काढल्या आणि मी काही म्हणायच्या आत पाण्यात पाय घातला. माझ्या थर्मामीटरवर पाणी ६ अंश होतं. पहिलं मिनिट ते गप्प उभे राहिले. दुसऱ्या मिनिटाला पायाचा भार बदलला. चौथ्या मिनिटाला बाहेर आले आणि एका दगडावर बसले. उजव्या तळव्याला बोटभर लांब कापलं होतं, खडीवर रक्ताचे ठिपके पडत होते. मी रुमाल पुढे केला तेव्हा त्यांनी तळव्याकडे पाहिलं.

"हे कधी झालं?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"नाही रे." त्यांनी अंगठ्याने जखमेची कड दाबून पाहिली. "पाय मुके झाले."

बराच वेळ ते तळवा हातात धरून बसून होते. मला त्या क्षणी वाद जिंकल्याचा आनंद मुळीच झाला नाही. ज्या पायांनी त्यांना आयुष्यभर सगळं सांगितलं, ते चार मिनिटांत बोलायचे थांबले, हे त्यांना लागलं होतं.

गाडीत परतताना मी त्यांना सांगत होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. आधी बोटं बधिर होतात, मग पोटऱ्या आखडतात, आणि अशा पाण्यात माणूस एकदम पडला तर पहिल्या झटक्याला आपोआप श्वास आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर तोच श्वास जिवावर बेततो. दाभोळच्या खाडीत उघडा पाय हे हत्यार आहे, इथे नाही.

"ते पटलं," काका म्हणाले. "पण मग माणसाने पाण्यात जावंच कशाला? काठावरून टाक की गरी."

"काठावर विलोची झुडपं आहेत, मागे दोरी फेकायला जागा नाही. आणि मासा पलीकडच्या धोंड्यामागे असतो."

"म्हणजे विजार आहे म्हणून तू पलीकडच्या धोंड्यापर्यंत जातोस. नसती तर गेला नसतास."

"हो."

"हेच. गार पाणी माणसाला सांगतं, बस, आता मागे फिर. तू त्याचं तोंड बंद केलंस. तुझी विजार चांगली असेल, पण ती तुला उगाच धीर देते."

या बोलण्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी कुणाला सांगत नाही. त्या रात्री काकांना सांगितलं.

माझं पहिलं वेडर मी घरबसल्या मागवलं होतं. छातीचं माप पाहिलं, थंडीत आत स्वेटर घालता येईल म्हणून दोन माप मोठं घेतलं, आणि पायाच्या आतल्या लांबीचा आकडा वाचलासुद्धा नाही. ते चार इंच लांब निघालं. बूट एका मित्राचे, माझ्यापेक्षा एक नंबर मोठे. घोट्यापाशी कापडाच्या चुण्या जमायच्या, चुण्यांवरून बुटाची नाडी आवळली जायची नाही, आणि बुटाच्या आत रबरी मोज्याची घडी टाचेखाली सरकायची. प्रत्येक पावलाला पाय बुटाच्या आत अर्धा इंच फिरायचा. बूट दगडावर टेकलाय असं वाटायचं आणि पाय अजून खाली जायचा. मांडीभर पाण्यात गेलो तेव्हा सैल कापड प्रवाहाने शिडासारखं फुगलं. एका गोल धोंड्यावरून डावा पाय घसरला, आणि मी गेलो. कमरेचा पट्टा घरी राहिला होता. वाहून फार लांब गेलो नाही, तीस-चाळीस फुटांवर उथळ खडी लागली, पण छातीवरून आत शिरलेलं पाणी पायांच्या पोंग्यांत भरलं होतं आणि काठ चढताना मला उभं राहता येत नव्हतं. मी रांगत बाहेर आलो. त्यानंतर वर्षभर मी पाण्यात गुडघ्याच्या वर गेलो नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न त्यांनी असा विचारला: "पाणी भरलं की विजार तळाला ओढते का?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. ओढत नाही. आतलंही पाणी, बाहेरचंही पाणी. ली वुल्फ नावाच्या एका नावाजलेल्या अमेरिकन कोळ्याने वेडर घालून पुलावरून नदीत उडी मारून दाखवली होती, एवढ्याचसाठी."

"बरोबर आहे. घागर विहिरीत बुडालेली असते तोवर दोराला वजन लागत नाही. पाण्याच्या वर आली की हात तुटतो."

बारा वर्षांत मी हे अनेकांना समजावलं असेल, पण घागर मला कधी सुचली नव्हती. आता मी तीच सांगतो. पट्टा बांधायचा तो एवढ्यासाठी: पडलात तरी पाणी कमरेखाली सावकाश जातं, पायांत थोडी हवा अडकून राहते, आणि काठ चढताना घागर अर्धीच भरलेली असते. पडलंच कुणी तर पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करायचे आणि उथळ येईपर्यंत उभं राहायची घाई करायची नाही. दोन दगडांत पाऊल अडकलं तर प्रवाह माणसाला आडवा पाडतो.

"तर मग ऐक," काका म्हणाले. "तू विजारीमुळे नाही पडलास. न बसणाऱ्या विजारीमुळे पडलास. मी म्हणत होतो, पायाला पाणी कळलं पाहिजे. ते राहू दे. पाणी नाही कळलं तरी चालेल, तळ कळला पाहिजे. तळ कळेल अशी विजार आणि बूट असतील तर दाखव मला."

पुढच्या शनिवारी आम्ही दुकानात गेलो.

काकांची उंची पाच फूट चार इंच, छाती बऱ्यापैकी रुंद, पाय आखूड, आणि पोटऱ्या गावातली पाखाडी चढून चढून दगडासारख्या झालेल्या. अशा अंगाला इथलं मधलं माप छातीला बसतं आणि पायात लोळतं. माझ्या बायकोचा अनुभव याहून वाईट होता. तिने सुरुवात केली तेव्हा त्या दुकानात बायकांच्या मापाचं वेडर नव्हतंच, पुरुषांचं लहानात लहान माप तिच्या खांद्यावरून उतरायचं आणि कमरेला अडायचं. "तू काय, काठावर बसशील," असं तिला त्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं. अजून आठवलं की राग येतो. माप मिळालं नाही म्हणून किती बायका काठावर बसल्या असतील!

आखूड पायांचं एक वेगळं माप असतं, ते मागितलं. दुकानातला मुलगा म्हणाला, घालून एक गुडघा बाकावर टेकवून बघा. इथे सगळे तसंच बघतात. काकांनी घातलं, पट्टे खांद्यावर घेतले आणि दुकानाच्या मधोमध सरळ उकिडवे बसले, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून. पहिलं वेडर खांद्यावरून ताणलं गेलं आणि मांड्यांच्या सांध्यातली शिवण दोरीसारखी घट्ट झाली. "हे फाटेल," ते बसल्याबसल्याच म्हणाले. दुसऱ्यात ताण आला नाही, पण उभं राहिल्यावर घोट्यापाशी कापडाचं वेटोळं पडलं. तिसरं नीट बसलं. उकिडवं बसता आलं, छातीइतक्या उंचीच्या फळीवर हात टाकता आला, पाय गुडघ्यात मुडपून बाकावर ठेवता आला, आणि उभं राहिल्यावर घोट्याशी एकच सैलशी चुणी. आत जाड स्वेटर घालून पुन्हा तेच सगळं केलं. त्या दिवसापासून मी कुणालाही वेडर निवडताना उकिडवं बसायला लावतो. शिवणीतून गळती सुरू होते ती बहुतेक दोन ठिकाणी, मांड्यांच्या सांध्यात आणि जिथे कापडावर कापड घासतं तिथे. पहिलं आखूड मापाने होतं, दुसरं लांब मापाने.

कापडाचा प्रश्न लवकर सुटला. निओप्रिन जाड आणि उबदार असतं, पण त्यातून घाम बाहेर जात नाही. बर्फाच्या दिवसांत तासन् तास एका जागी उभं राहणाऱ्याने ते घ्यावं. चालणाऱ्याने श्वास घेणारं कापड घ्यावं. १९६९ साली बॉब गोर यांनी ताणून काढलेल्या टेफ्लॉनच्या पडद्यापासून हे प्रकरण सुरू झालं. त्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण हे कापड स्वतः ऊब देत नाही. ऊब आतल्या लोकरीच्या थरांनी द्यायची, आणि त्या थरांना जागा राहील इतपतच माप मोठं घ्यायचं. तळाशी सुती मोजे तर अजिबात नकोत. ते घाम धरून ठेवतात आणि पाय गारठवतात.

खरं घोडं अडलं ते बुटांवर.

"हे बघ," काकांनी एक वेगळंच वेडर उचललं. त्याला खाली गमबूट चिकटवलेलेच होते. "एकदा पाय घातला की झालं. वाकून नाड्या बांधायला नकोत. माझे गुडघे बघतोस ना?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. समुद्राच्या वाळूत, चिखलात, बर्फात हेच बरं. पाऊल नाडीने आवळलेलं नसल्यामुळे आत थोडी हवा राहते आणि ऊब टिकते. पण मी त्यांना दुकानातल्या उतरत्या फळीवर उभं केलं आणि म्हटलं, आता घोटा बाहेरच्या बाजूला वळवून बघा. घोटा गमबुटात मोकळाच फिरला. मग त्यांना मोज्याच्या वेडरवर वेगळे बूट चढवायला दिले, नाड्या खालपासून वरपर्यंत एकसारख्या ओढून बांधल्या, आणि पुन्हा तेच करायला सांगितलं. या वेळी घोटा हलला नाही.

"हं," एवढंच म्हणाले.

आता नंबर. काका गावी सात नंबरची चप्पल घालतात, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबात आठ. रबरी मोजा जाड असतो, म्हणून सहसा एक नंबर वाढवतात. पण काही कंपन्या ही जागा आधीच धरून नंबर टाकतात, तेव्हा आकड्यावर जाऊन चालत नाही. लोकरीचे मोजे, वेडर आणि बूट तिन्ही एकदम घालूनच बघायचं. आठ घातला तर काकांची बोटं चिमटली. नऊ घातला, लांबी जमली, तरी त्यांनी नाक मुरडलं. "पुढे आवळतो." जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाचा पंजा पसरलेला असतो, अंगठा आणि शेजारचं बोट यांत फट असते. पेटीबंद बुटात वाढलेल्या पायांसाठी केलेला साचा त्या पंजाला कसा पुरणार? दुकानातल्या मुलाने म्हटलं, पाण्यात सैल होतील. मी त्याचं ऐकलं नाही. आवळणारा बूट रक्त अडवतो आणि मोज्यातली ऊब धरून ठेवणारी हवा दाबून टाकतो. गार पायाचं कारण निम्म्या वेळा पाणी नसतं, बूट असतो. लोक वर आणखी एक मोजा घालतात आणि पाय आणखी गार पडतात. तीन जोड बघितल्यावर एक रुंद पंजाचा मिळाला. काकांनी आत बोटं हलवली, हार्मोनियमच्या पट्ट्यांवर हलवावीत तशी. मग फळीवरून खाली उतरले. बोटं पुढे आपटली नाहीत, टाच वर उचलली गेली नाही.

"याच्यातून फळीची कड कळते," ते म्हणाले. मी एवढा वेळ या वाक्याची वाट बघत होतो.

तळव्याचा वाद मात्र घरी येऊन जेवणाच्या टेबलापर्यंत चालला. दुकानात नमद्याच्या तळव्याचे बूटही होते. दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर, शेवाळलेल्या दगडाला तो चिकटून धरतो. काकांना तेच हवे होते. पावसाळ्यात आमच्या पाखाडीच्या चिऱ्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ येतं तेव्हा ते चपलेला सुंभ गुंडाळून उतरतात. "नमदा म्हणजे आपला सुंभच," ते म्हणाले. "रबर शेवाळावर सरकणारच. तू स्वतः पडलेला माणूस, आणि मला रबर घ्यायला सांगतोस?"

"नमदा पकड चांगली देतो, काका, ते मान्य. पण तो सुकत नाही. दिवसेंदिवस ओला राहतो, आणि एका नदीतलं जे काही बारीक जिवंत असतं ते दुसऱ्या नदीत नेतो."

"काय नेतो?"

मी त्यांना न्यूझीलंडच्या चिखलगोगलगायींबद्दल सांगितलं. तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय. नर लागत नाही, एकटी मादी पिलं घालू शकते. यलोस्टोन उद्यानातल्या मॅडिसन नदीत ती १९९४ साली सापडली आणि नदीच्या तळावर गालिचा पसरावा तशी पसरली. खुद्द न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, दगडांवर ओल्या लोकरीसारखं वाढणारं, आणि २००८ साली त्या देशाने नमद्याच्या तळव्यांवर बंदी घातली. यलोस्टोनमध्ये २०१८ पासून नमदा चालत नाही.

काका जेवता जेवता थांबले. "एका गोगलगायीपासून?"

"एका."

"आणि ती तुझ्या बुटातून गेली हे तुला कळणारसुद्धा नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आपल्या घसरण्यापेक्षा हे मोठं आहे. आपण घसरलो तर आपण घसरलो. नदीला काय उपाय?"

बुटांना रबरी तळवा आला आणि रबरात मी पोलादाचे टोकदार खिळे फिरवून बसवले. शेवाळावर नुसतं रबर सरकतं, खिळे शेवाळ फोडून दगडाला लागतात. नमद्याइतकी पकड मिळते का? शेवाळलेल्या गोट्यांवर माझ्या मते नाही मिळत. पण बर्फात नमद्याला गोळे चिकटतात आणि चिखलाच्या चढावर तो साबणासारखा होतो, तिथे खिळे सरस. उरलेली तूट हातातली टेकायची काठी भरून काढते.

पैशांचा विषय निघालाच. बिलावरचा आकडा त्यांनी रुपयांत करून बघितला आणि काही वेळ बोलले नाहीत. माझं मत मी त्यांना सांगितलं आणि इथेही सांगतो: पैसे कमी असतील तर साधं वेडर घ्या, पण बूट चांगले घ्या. वेडरला टाचणीएवढं भोक पडलं तर पाय ओला होईल, आणि ते भोक घरी बुजवता येतं. श्वास घेणाऱ्या कापडाचं वेडर उलटं करून आतून जखमा पुसायचा स्पिरिट लावला की भोकाच्या जागी काळा ठिपका उठतो, त्यावर डिंकासारखा रबरी लेप लावायचा, रात्रभर सुकवायचं. वाईट बुटाला असा काही इलाज नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, डोंगरावरचा बर्फ वितळून पाणी चढायच्या आधी, आम्ही पुन्हा डेकर्सला गेलो. काकांनी पट्टा स्वतः बांधला आणि माझा बांधला आहे का ते ओढून बघितलं. घोट्यावरची रबरी पट्टी बुटाच्या नाडीत अडकवली. २००२ साली इथल्या जंगलात हेमनची मोठी आग लागली. झाडं गेली, माती सुटी झाली आणि डोंगरातली गुलाबी ग्रॅनाइटची भरड वाळू नदीत उतरली. ती पट्टी नसेल तर तासाभरात खडे बुटात शिरतात आणि आतून मोजा कुरतडतात.

ते पाण्यात उतरले तेव्हा मी त्यांच्या प्रवाहाकडच्या अंगाला उभा राहिलो. मला वाटलं होतं शिकवावं लागेल: पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं, एक पाय पक्का टेकला की मगच दुसरा हलवायचा, अंग प्रवाहाकडे कुशीने धरायचं, समोरासमोर छाती द्यायची नाही. काका आधीपासूनच पाय घासत चालले होते.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"पाखटाने," ते म्हणाले. "गाळात पाखट बसलेलं असतं. पाऊल वरून ठेवलं तर नांगी मारतं. घासत गेलं की आधीच उठून जातं."

मांडीपर्यंत पाणी आलं. काठीचं टोक त्यांनी पुढे टेकवलं, थांबले, मान थोडी वाकडी केली. पाग टाकण्याआधी ते खाडीत अशीच मान करतात. "खडी. मग एक सपाट दगड. त्याच्या पुढे खोल आहे," ते म्हणाले. मी तो दगड वर्षानुवर्षं ओळखतो. त्याच्या पुढे खरंच खोल आहे. पण त्या दिवशी विसर्ग कमी होता, मी तिथून नेहमी दोन पावलं पुढे जातो, आणि मासा त्याच दोन पावलांच्या पलीकडे वर येत होता.

"आणखी दोन पावलं चालतील, काका. पट्ट्याच्या खालीच राहील पाणी."

"इथून टाक."

"पोचणार नाही."

"मग नाही पोचणार. पाणी विजारीला दाबतंय. मगाशी गुडघ्याला होतं त्याच्या दुप्पट जोर आहे इथे." प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. काकांच्या मांडीला ते कापडातून लागत होतं. मी तिथूनच दोरी फेकली. दोन हात कमी पडली.

बाहेर आल्यावर बूट धुवायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. ब्रश घेऊन खिळ्यांच्या मधली वाळू, नाडीच्या भोकांतलं शेवाळ, जिभेखालची माती, सगळं नदीपासून लांब नेऊन खरवडलं. घरी दोन दिवस बूट गॅलरीत पालथे होते. रोज सकाळी ते आत हात घालून बघायचे. "अजून टाचेला ओल आहे," म्हणून तिसराही दिवस ठेवले. वेडर मी घडी न घालता सैल गुंडाळून खुंटीवर टांगलं, कारण घडीच्या रेषेवर कापड लवकर विरतं.

जूनमध्ये काका परत गेले. वेडर त्यांनी इथेच ठेवलं. तिकडे त्यात उकडून मरायचं का, म्हणाले. बूट मात्र पिशवीत घालून नेले, खिळे काढून. मागच्या आठवड्यात फोन आला.

"खडपावर घालतो. कालवांवरून चाललो तरी पाय कापत नाही. तुझी काकू म्हणते, पहिलं पावसाळ्याचं वर्ष की तळव्याला हळद लावावी लागली नाही."

"आणि खाडीत?"

"गाळात ओढून घेतात. एकदा बूट आतच राहिला, दोन्ही हातांनी उपसून काढला. आता गाळ लागला की काढतो आणि गळ्यात अडकवतो." मागे पाण्याचा आवाज येत होता. "ठेव आता, ओहोटी लागली."